बारवेवरच्या कप्पीचं भांडण

आमच्या मंडळात माणसाला काहीही बोललेलं चालत असे. त्याच्या टकलाला, त्याच्या बायकोला, त्याच्या बापाच्या कंजूषपणाला, कशालाही. त्याच्या कामाला मात्र बोललेलं चालत नसे. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तरी पटलं नाही. आजही पटत नाही.

मंडळ म्हणजे तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची मागची खोली. तिथे संध्याकाळी दहा-बारा माणसं जमायची. हैदराबादच्या सरकारचा अंमल असा, की चार जणांनी एकत्र बसून देशाचं बोललं तरी कचेरीत खबर जायची. म्हणून आम्ही आरोग्य, साक्षरता, स्वच्छता असली निरुपद्रवी नावं घेऊन बसत होतो. अध्यक्ष होते वकीलसाहेब. कोर्टात उर्दू, घरात मराठी, सभेत दोन्ही. मी सगळ्यांत लहान आणि माझं काम पत्रकं लिहिण्याचं. पत्रकं तिकडे सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात छापून आणायची आणि बाजारात, जत्रेत वाटायची. पत्रकाने मला एक सवय लावली. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला गर्दी उसळते, तिथे कागद हातात दिला की माणूस चालता चालता दोन ओळी वाचतो आणि त्यात नारळ बांधून घेतो. तेवढ्या दोन ओळींत सांगायचं ते सांगून झालं पाहिजे. "कृपया सुज्ञ वाचकांनी विचार करावा" असलं काही लिहायला जागाच नसते. मला तसंच बोलायची सवय लागली.

त्या वर्षी आमचा विषय होता नारू. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. पायाला आधी फोड येतो, फोड फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढतो. तो रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळत काढायचा. घाई केली आणि आत तुटला की पाय भोपळ्यासारखा सुजतो आणि माणूस महिना-दीड महिना बाजेवर. बरं, हे नेमकं उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीच्या तोंडावर. नारूवाला माणूस बारवेत पाय घालतो, किडा पाण्यात आपली पिलावळ सोडतो, तेच पाणी गाव पितं आणि पुढच्या वर्षी गावाच्या पायांतून नारू निघतो. आमच्याकडच्या बारवांना पायऱ्या. बाया पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर भरतात. उपाय साधा. पायऱ्या भिंतीने बंद करायच्या, वर कठडा बांधायचा, कप्पी लावायची आणि पोहऱ्याने पाणी शेंदायचं. पाण्याला पाय लागला नाही की नारू संपला.

पहिलं गाव निवडलं ते केदारखेड्याच्या अलीकडचं. माझी अक्का त्याच गावात दिलेली. दाजींना तीन उन्हाळे लागोपाठ नारू निघालेला. तिसऱ्या वर्षी पेरणी अक्काने भावकीच्या पाया पडून उरकून घेतली होती. कामाचं ठरलं तेव्हा तिने मला निरोप धाडला होता, "एवढं एक काम नीट करा. माझे पाय अजून शाबूत हायेत. ते गेले तर या घरात उभं कोण राहील?" त्यामुळे हे काम माझ्यासाठी नुसता पत्रकातला विषय नव्हता.

नकाशा काढला ओव्हरसियरसाहेबांनी. हैदराबादेत शिकून, काही वर्षं सरकारी रस्त्यांवर नोकरी करून, वरिष्ठाशी बिनसल्यामुळे घरी आलेले. माणूस कष्टाळू. मंडळात हातात ओळंबा धरता येणारा तो एकच. मार्गशीर्षात, बारव भरलेली असताना, ते जाऊन मापं घेऊन आले आणि सभेत फळ्यावर नकाशा लावला.

वकीलसाहेब नेहमीप्रमाणे सुरू झाले. "ओव्हरसियरसाहेब, नकाशा सुलटा लावलाय ना? मागं धर्मशाळेच्या संडासाचं तोंड तुम्ही देवळाकडं काढलं होतं."

सगळे हसले.

"आणि कठड्याची उंची कोणाच्या मापानं धरली? तुमच्या मापानं धरली असली तर बकरी उडी मारून आत जाईल."

ओव्हरसियर बुटके. सभा लोळायची बाकी राहिली. ओव्हरसियरही हसले, चष्मा पुसला, म्हणाले, "घ्या, घ्या, गरिबावर तोंडसुख घ्या."

मी नकाशा बघत होतो. कप्पी दाखवली होती पूर्वेला, पायऱ्यांच्या अंगाला. मी म्हणालो, "नकाशात एक चूक आहे. कप्पी पूर्वेला नको, पश्चिमेला पाहिजे. उन्हाळ्यात पूर्वेला पाणी राहत नाही."

एवढंच. यात मूर्ख, अडाणी, बुटका, टकला असा एकही शब्द नाही. पण खोलीत असं झालं की मी कोणाची आई काढली.

ओव्हरसियर म्हणाले, "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. गेल्या वैशाखात अक्काकडं गेल्तो तेव्हा तिथं खाली उतरलो होतो. पाण्याखाली दिसत नाही, पण तिथं अजून पायऱ्या आहेत आणि त्यांच्या खाली दगडी टप्पा आहे. त्या टप्प्यावर मी कोरड्या पायानं उभा होतो. पाणी तिथून पुढं, पश्चिमेच्या खड्ड्यात. तुमचा पोहरा दगडावर बसेल."

"मी हैदराबादेत शिकलो. तू कुठं शिकलास?"

"शिकण्याचं राहू द्या. पाण्याखाली टप्पा कुठवर आहे ते बांबू घालून पाहिलं का?"

"म्हणजे मी अंदाजानं नकाशे काढतो?"

"पाहिलं का?"

ते लाल झाले. वकीलसाहेबांनी हात वर केला. "बस. वडीलधाऱ्या माणसाशी बोलायची ही रीत न्हाई. माफी माग."

"कशाची?"

"अपमान केलास त्यांचा. भरसभेत."

माझं डोकं फिरलं. "साहेब, आत्ता तुम्ही त्यांना बकरीपेक्षा बुटकं म्हणालात. तो अपमान नाही. मी म्हणालो कप्पी दुसऱ्या बाजूला घ्या, हा अपमान?"

"आमचं ते प्रेमाचं बोलणं असतंय. तुझं तसं न्हाई."

"माझं कामाचं बोलणं आहे. प्रेमाच्या बोलण्यानं पोहऱ्यात पाणी येणार आहे का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बापानं आडतीवर तागडी धरायला बसवलं, यानं पत्रक धरलं. आता ओव्हरसियर बी झाला." पुन्हा हशा. माझ्या बापाची तागडी मध्ये आणणाऱ्याला कोणी माफी मागायला सांगितलं नाही. तेही प्रेमाचंच बोलणं असावं. मी माफी मागितली नाही. नकाशा मंजूर झाला. हात वर करताना एकानेही नकाशाकडे पाहिलं नाही, सगळे माझ्याकडे बघत होते. कप्पीवर मत पडलंच नाही. मत पडलं ते माझ्या विरुद्ध.

सभा सुटल्यावर ओव्हरसियर मला रस्त्यात गाठून म्हणाले, "तुला काय वाटतं, मला पश्चिम दिसत न्हाई? पश्चिमेच्या भिंतीत आसरांचा कोनाडा आहे. पाण्याच्या साती देवी शेंदूर लावून बसल्यात. त्यांच्या डोक्यावर कप्पी लावली, बायांच्या पायाचं पाणी त्यांच्यावर ठिबकलं, तर गाव आपल्याला दगड मारून पिटाळील."

मी थांबलोच. "मंग हे सभेत का न्हाई सांगितलं?"

"सभेत काय सांगू? सुधारक मंडळ, आणि ओव्हरसियर आसरांना भ्यायला, असं? वकील वर्षभर तेच वाजवत बसतील."

म्हणजे चूक त्यांना अर्धी तरी ठाऊक होती. पण ती बोलून दाखवली तर टवाळी होणार. आणि टवाळीला तर आमच्याकडे प्रेम म्हणतात! मी म्हणालो, "गावाला विचारू या. आसरा कुठं हलवता येतात का बघू."

"तू लहान हायेस," ते म्हणाले आणि वळले.

मी गेलो आणि अक्काला विचारलं. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "आसरांचं काय एवढं? निवद दाखवून, ओटी भरून वरच्या अंगाला नवा कोनाडा करून देऊ. म्हाताऱ्या बाया दोन दिवस बोंबलतील, मंग गप बसतील. पण आम्हाला विचारलं कुणी? तुमचे सायेब आले, टेप धरला, चहा पिले, गेले."

हे मी वकीलसाहेबांच्या घरी जाऊन सांगितलं. ते जेवून सुपारी कातरत होते. "आता चुना मळलाय, गवंडी लागलेत. तू ते सुडाचं डोकं थंड कर."

"सूड कसला? माझ्या बहिणीचा पाय आहे त्यात."

"बघ, शेवटी घरचंच निघालं ना," ते म्हणाले. जणू बहीण असली की पाण्याची पातळी बदलते.

पौषात काम पुरं झालं. भिंत सुरेख, कठडा सरळ, दगडांमधल्या दर्जा अशा भरलेल्या की नखही शिरू नये. हे मी तेव्हाही म्हणालो होतो, की बांधकाम उत्तम आहे, फक्त जागा चुकली. पहिलं वाक्य कोणाच्या लक्षात राहिलं नाही. उद्घाटनाला हार, गूळ-खोबरं, वकीलसाहेबांचं भाषण. बारव तुडुंब होती. पहिला पोहरा डुबुक करून बुडाला आणि भरून वर आला. टाळ्या झाल्या. वकीलसाहेबांनी गर्दीतून मला शोधून काढलं आणि पोहऱ्याकडे बोट दाखवलं. मी त्या दिवसाचं पत्रक लिहायला नकार दिला होता, म्हणून ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यात "नारूरूपी राक्षसाचा नि:पात" झाला होता.

राक्षस चैत्रापर्यंत थांबला. चैत्राच्या शेवटाला पोहरा खाली गेला की ठण्ण वाजायला लागला. बाया दोर हलवून, झोके देऊन पोहरा पुढे ढकलायच्या. पाव पोहरा गढूळ पाणी यायचं, येता येता निम्मं सांडायचं. वैशाखात तेही बंद झालं. मग गावाने जे करायचं ते केलं. भिंतीचे मधले दगड पहारीने काढले, माणूस जाईल एवढी वाट केली आणि पुन्हा पायऱ्या उतरून टप्प्यावरून पुढे पाण्यात. मी गेलो तेव्हा दाजी खालीच होते. डाव्या पायाला चिंधी, चिंधीत काडी, काडीवर नारू, आणि दोन्ही पाय पाण्यात.

"दाजी, अहो वर या!"

"मंग पाणी कुठून आणू? तुझ्या पत्रकातून?"

अक्का घरी दुहेरी फडक्याने पाणी गाळायची, ते मीच शिकवलं होतं. पण शेतात, उन्हातान्हात, तहान लागल्यावर कोण फडकं शोधतं? बारवेवर जायचं, ओंजळीने प्यायचं. तिनेही तेच केलं. सगळ्यांनीच केलं. नारूला पोटातून पायात यायला वर्ष लागतं. म्हणजे त्या उन्हाळ्यात काही कळणार नव्हतं. कळायचं होतं ते पुढच्या.

मी सभा बोलवायला लावली. वाटलं, आता तरी कप्पीचं बोलतील. वकीलसाहेबांनी सुरुवात केली.

"काय ओव्हरसियरसाहेब, पोहऱ्याला चाकं लावता का? पायऱ्यांवरून गडगडत जाईल पाण्याकडं."

हशा.

"हैदराबादेत विहिरी शिकवतात की गच्च्या? गच्चीवर कप्पी लावून आलाय माणूस."

पुन्हा हशा. ओव्हरसियर हसत होते, पण मान खाली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. नाही वाटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाच्या नकाशाला मार्गशीर्षात एक शब्द लावू दिला नाही, त्याच माणसाला आता हे सोलत होते, आणि तरीही नकाशाबद्दल एक शब्द नव्हता! चूक काय झाली, का झाली, दुरुस्त कशी करायची, काहीच नाही. नुसता माणूस कापायचा.

मी उठलो. "हसणं बंद करा. बांधकामात खोट नाही, जागेत आहे. कप्पी पश्चिमेला घ्या. आसरा वर हलवायला गाव तयार आहे, मी विचारून आलोय. भिंतीतलं भगदाड बुजवा. पाऊस लागायच्या आत ठराव करा."

वकीलसाहेब म्हणाले, "आला, पत्रकवाला सूड घ्यायला आला."

"साहेब, मी त्यांची बाजू घेऊन राह्यलो."

"तुझी बाजू घ्यायची तऱ्हा अशी असली तर दुश्मनी कशी असंल!" एवढ्यावर सभा खूश झाली. पण ठराव झाला. तेवढं त्यांच्या पदरात घालतो.

कप्पी पश्चिमेला गेली, पहिल्या पावसानंतर. अक्काने आणि गावच्या बायांनी आसरांना ओटी भरून वर नेलं. कोणी दगड मारले नाहीत. महारवाड्याची विहीर वेगळी होती आणि तिचा विषय मंडळात निघतच नसे. तो माझा दुसरा राग आहे, इथे काढत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पोहरा खळखळत भरून येत होता, आणि अक्काच्या उजव्या घोट्यावर फोड आला.

मी गेलो तेव्हा ती ओसरीत बाजेवर होती. पायावर धोतऱ्याचं पान बांधलेलं, शेजारी काडी. दाजी यंदा मोकळे होते आणि चुलीपाशी भाकरी थापायच्या प्रयत्नात होते. भाकरी कोणत्याही देशाच्या नकाशासारखी दिसत होती. मी बसतो न बसतो तोच दारात ओव्हरसियर आले. कप्पीचा आस बघायला आले होते, तिथे त्यांना अक्काचं कळलं. हातात तेलाची बाटली. उभेच राहिले.

अक्काने त्यांना बसायला सांगितलं, दाजींना पाणी द्यायला लावलं. मग सरळ म्हणाली, "सायेब, तुमच्या मोजण्यात गफलत झाली. त्या वर्षी जागेवर लावली असती कप्पी, तर आज मी रानात असते."

मला वाटलं, आता हे लाल होणार, हैदराबाद काढणार.

ओव्हरसियर म्हणाले, "होय बाई. झाली गफलत. मी खाली बघितलंच न्हाई." आणि पेला खाली ठेवला.

एवढं सोपं! न हैदराबाद, न वडीलधारेपणा. परतीच्या वाटेवर मी त्यांना सोडलं नाही. "हेच मी सभेत म्हणालो होतो. एक शब्द कमी-जास्त नव्हता."

"न्हवता," ते म्हणाले.

"मंग तेव्हा का न्हाई ऐकलं?"

ते चालता चालता म्हणाले, "तू बोललास तेव्हा मी लोकांची तोंडं बघत होतो. त्या बाई बोलल्या तेव्हा त्यांचा पाय बघत होतो."

"म्हणजे पाय सुजल्याशिवाय ऐकू येत न्हाई का? पुढच्या गावाला कोणाचा पाय आणायचा?"

"तू जरा बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर..."

"तुम्ही बाजूला घेऊनच मला आसरांचं सांगितलं. काय झालं त्याचं? बाजूला सांगितलेलं बाजूलाच राहतं. काम मंडळाचं, पाणी गावाचं. मी तुमच्या उंचीबद्दल कधी बोललो का? बापाबद्दल बोललो? पगाराबद्दल? मी कप्पीबद्दल बोललो. ते चारचौघांत बोलायला भ्यायचं असेल तर ते मंडळ कशाचं?"

त्यांना राग आला, पण गिळला. झाडाखाली थांबले, पिशवीतून गुंडाळी काढली. दुसऱ्या गावच्या बारवेचा नकाशा, येत्या सभेत मांडायचा होता. "हे घे. सभेच्या आधीच बघ. मंग तर झालं?"

मी नकाशा मातीवर पसरला, चार कोपऱ्यांना चार खडे ठेवले. काम नेहमीसारखं देखणं होतं. रेषा सरळ, अक्षर मोत्यासारखं, कप्पी या खेपेला खोल अंगाला. मी ते म्हणालो. "जागा बराबर आहे. कठडाही बराबर." त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग माझी नजर खाली गेली.

"उन्हाळ्यातली पातळी कुठं आहे? ही भरलेल्या पाण्याची आहे. पुन्हा मार्गशीर्षातच गेलात?"

"अरे, अजून नीट वाचला न्हाईस, अन् लगेच चूक!"

"वाचला म्हणूनच विचारतो. दोर किती लागेल हे यावरून कळत नाही."

"तुझ्यापुढं नकाशा ठेवला हीच माझी चूक," असं म्हणून त्यांनी खडे उडवले, नकाशा गुंडाळला आणि तरातरा पुढे निघाले. उन्हात त्यांची ती बुटकी पाठ लांब लांब जात होती. त्या दुसऱ्या गावातही कोणाच्या तरी बहिणी असतील. मी मागून ओरडलो, "साहेब, पातळी! वैशाखातली पातळी लिहा!"

त्यांनी मागे न बघता हात झटकला. ठीक आहे. सभा चार दिवसांवर होती, आणि मी तिथेही हेच विचारणार होतो.